ऊसतोडीच्या टोळीत गरोदर बायकांसोबत काम करायचं असेल तर

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं एम.ए.सारखं शिक्षण) संपत आलंय, मातांच्या आरोग्यावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं बरेच जण विचारतात. पुण्यात राहत असाल तर माझं एकच सांगणं, नोव्हेंबरात दौंडची गाडी पकडा. बीड, अहिल्यानगरकडून आलेल्या टोळ्या दौंड, शिरूर, इंदापूर, बारामतीत मार्च-एप्रिलपर्यंत कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, टाकून असतात आणि जवळजवळ प्रत्येक टोळीत एक-दोघी तरी पोटुशी असतातच.

पहिल्या वर्षी माझ्याकडून झालेली चूक आधी सांगते. सहावा महिना लागलेली एक ताई होती, हिमोग्लोबिन ७.८, म्हणजे बरंच कमी, सिस्टरांनी गोळ्या दिल्या, मी फॉर्म भरला आणि आले. पुढच्या आठवड्यात गेले तर तिथे नुसतं पाचट आणि तीन दगडांची विझलेली चूल, टोळी दुसऱ्या फडावर गेलेली. मी तिचा नंबरच घेतला नव्हता. ती मला परत कधीच भेटली नाही, तिचं बाळंतपण कसं झालं हे आजही मला माहीत नाही आणि ते मनातून जात नाही.

तेव्हापासून हिमोग्लोबिनच्या आधी तीन नंबर घेते, नवऱ्याचा, मुकादमाचा (टोळी आणणाऱ्या माणसाचा) आणि तिच्या गावच्या आशाताईंचा. माता-बाल संरक्षण कार्ड बहुतेक वेळा गावाकडे पेटीतच राहिलेलं असतं, मग सासूबाईंना फोन लावायचा आणि घरातल्या एखाद्या पोराकडून कार्डाच्या सगळ्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचे. ब्लड ग्रुप, बीपी, टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन, सगळं त्यात मिळतं, आणि रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर दवाखान्यात तोच फोटो कामाला येतो.

दुपारी जाऊ नका. तोड पहाटेच सुरू होते, नंतर मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची, ती बाई तुमच्याशी बोलणार कधी? संध्याकाळी चूल पेटली की जा, भाकरी थापता थापता ती बोलते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, पण तिकडे जायचं म्हणजे तिचा खाडा (कामावर गैरहजेरी) पडतो आणि नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी, म्हणून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, म्हणजे भुर्दंड दोघांवर. त्यामुळे "ताई, तपासणीला या" एवढं म्हणून भागत नाही, आठ दिवस आधी मुकादमाशी बोलून खाडा माफ करून घ्यायचा, हेसुद्धा आपलंच काम आहे. मुकादमाची बायको सोबत असेल तर आधी तिच्याशी बोला, माझा अनुभव तरी तसाच आहे.

लोहाच्या गोळ्यांचं एक. "गोळ्या घेते की" असं सगळ्याच म्हणतात, पण कशासोबत ते विचारा. एकीने मला कोपीच्या कुडाला खोचलेली स्ट्रिप काढून दाखवली, रोज पहाटे कोऱ्या चहाबरोबर घ्यायची. चहाने लोह अंगाला नीट लागतच नाही! रात्री जेवणानंतर पाण्याने घ्या, कालवणावर लिंबू पिळा, आणि शौचाला काळं होईल तर घाबरू नका, हे आधीच सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी गोळ्या बंद होतात.

स्थानिक आशाताई कधीकधी म्हणतात, ह्या आपल्या गावच्या नाहीत. त्यांच्यावर चिडू नका, त्यांच्यावर आधीच कामाचा ढीग असतो, त्यांना सोबत घेऊन कोपीवर जा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, नेणं-आणणं मोफत आहे, २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तशी सोय आहे आणि गाव दुसरं म्हणून ती नाकारता येत नाही. १०२ आणि १०८ हे नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये तिथेच बसून सेव्ह करा. गाडीला पत्ता काय सांगायचा तेही ठरवून ठेवा, कारण कोपीला पत्ता नसतो, मी जवळची विहीर नाहीतर डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) आणि शेतमालकाचं नाव पाठ करून घेते.

डोकं सणसणतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तोंड सुजलंय, अंगावरून रक्त जातंय किंवा बाळाची हालचाल कमी वाटतेय, यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच निघायचं. हे बाईला सांगाच, पण नवऱ्याला समोर बसवून त्याच्याकडून परत म्हणवून घ्या, कारण रात्री गाडी बोलावणारा तोच असतो.