आधी बघा, कुठला फायरफॉक्स?

मॅन्युअल टेस्टिंग सोडून ऑटोमेशनला यायचं ठरवलेल्यांसाठी लिहितेय. पायथॉन थोडंफार येतं, ब्राउझर स्क्रिप्टने चालवणारं सेलेनियम काय आहे माहितेय, एवढं धरून चालते. बाकी सगळं कुठेही मिळेल. उबुंटूवर स्क्रिप्टने फायरफॉक्स उघडत नाही, या खड्ड्यात मी पाच दिवस पडून होते, तो मात्र नीट दाखवते.

2022 च्या पावसाळ्यात नवी मुंबईत महाप्याला नोकरी लागली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल, घणसोलीला उतरून शेअर रिक्षा. हातात लॅपटॉप आला तो उबुंटू 22.04 चा, म्हणजे विंडोज नाही, लिनक्स. ठाणे स्टेशनजवळच्या क्लासला घसघशीत फी भरली होती, पण तिथे सगळं विंडोजवर शिकवलेलं. सर्टिफिकेट मात्र छान लॅमिनेट करून दिलं.

पहिलं काम फुटकळ होतं: फायरफॉक्स उघडायचा आणि लॉगिन करायचं. स्क्रिप्ट रन केली की एक छोटी खिडकी यायची. तुमचं फायरफॉक्स प्रोफाइल (ब्राउझरच्या सेटिंगचं फोल्डर) लोड होत नाही, ते गायब आहे किंवा तिथपर्यंत पोचता येत नाही. खाली ओके. ओके दाबलं की स्क्रिप्ट मेली. आणि हाताने आयकॉनवर क्लिक केलं की फायरफॉक्स मजेत उघडायचा!

मी काय काय नाही केलं. सेलेनियमच्या आज्ञा फायरफॉक्सला पोचवणारा प्रोग्राम म्हणजे गेकोड्रायव्हर, त्याची चार व्हर्जन्स बदलली, नवीन प्रोफाइल बनवलं, नेटवर सापडलेली chmod 777, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारी कमांड, तर दिसेल त्या फोल्डरवर मारली. या 777 वर माझा खास राग आहे. काहीही अडलं की 777 सांगणाऱ्या माणसाकडून काही शिकू नका.

चौथ्या दिवशी एक सीनियर चहाला जाता जाता थांबली आणि म्हणाली, "फायरफॉक्स कुठला आहे गं? स्नॅपचा की डेबचा?" स्नॅप आणि डेब म्हणजे उबुंटूत प्रोग्राम टाकायचे दोन प्रकार. उपाय न सांगताच गेली. तेव्हा राग आला होता. पण मेंटॉर निवडायची वेळ आली तर असलाच निवडा. कीबोर्ड ओढून घेऊन स्वतःच दुरुस्त करून देणारा नको.

आता नीट ऐका, कारण हे मला कोणी सांगितलं नाही. 22.04 मध्ये आपण ॲप्ट या नेहमीच्या इन्स्टॉल कमांडने फायरफॉक्स टाकला तरी येतो तो स्नॅपच. स्नॅपमधला प्रोग्राम म्हणजे सोसायटीतला बंद फ्लॅट, त्याला स्वतःचं वेगळं टेंप, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं, फोल्डर असतं. गेकोड्रायव्हर बाहेर उभा. तो दरवेळी एक तात्पुरतं प्रोफाइल सिस्टीमच्या टेंप फोल्डरमध्ये बनवतो आणि फायरफॉक्सला सांगतो, हे घे. फायरफॉक्स आपल्या घरातल्या टेंपमध्ये शोधतो. तिथे काहीच नाही. दोघंही खरं बोलतायत, फक्त एकाच नावाच्या दोन वेगळ्या जागांबद्दल. परवानग्यांचा इथे संबंधच नाही, म्हणून 777 फुकट.

उपाय तीन. फायरफॉक्सच्या स्नॅपमध्येच गेकोड्रायव्हर असतो, स्क्रिप्टला त्याचाच पाथ द्या. किंवा गेकोड्रायव्हरला प्रोफाइल बनवायला दोघांना दिसेल असं फोल्डर द्या, प्रोफाइल-रूट या ऑप्शनने. मी हेच केलं आणि परत आपटले, कारण होममध्ये, म्हणजे माझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, ते फोल्डर बनवताना नावाआधी टिंब दिलं होतं. नावाआधी टिंब असलं की लिनक्समध्ये फोल्डर लपतं, आणि होममधली लपवलेली फोल्डरं स्नॅपला बघता येत नाहीत. टिंब काढलं, चाललं. पाचवा दिवस त्या टिंबात गेला. तिसरा उपाय म्हणजे स्नॅप काढून मोझिलाचा डेब टाकणं. ते आता सोपं आहे, मोझिलाने 2024 पासून स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी, म्हणजे ॲप्टने प्रोग्राम उतरवून घ्यायची जागा, दिलीय.

पाच दिवस काहीच दाखवता आलं नाही म्हणून मला कोणी काढलं नाही. तुम्हालाही काढणार नाहीत. अडलंय हे रोज स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, सांगत जा, बस. मी दोन दिवस "होतंय, होतंय" म्हणत राहिले, ती चूक खरी.

बाकीचं भराभर. स्लीप, म्हणजे नुसतं थांबून राहणं, दहा सेकंद टाकून टेस्ट पास करू नका, तुमच्या मशीनवर चालेल आणि सर्व्हरवर रडेल. एक्स्प्लिसिट वेट (हवी ती गोष्ट घडेपर्यंतच थांबणं) शिका, आणि त्यात इम्प्लिसिट (प्रत्येक शोधाला एकच ठरलेली वाट बघणं) मिसळू नका, वेळांची बेरीज भलतीच होते. सर्व्हरला स्क्रीन नसते, तेव्हा हेडलेस, म्हणजे खिडकी न दाखवता चालणारा ब्राउझर, वापरा किंवा एक्सव्हीएफबी या प्रोग्रामवर खोटी स्क्रीन उभी करा.

हेडलेसमध्ये टेस्ट पडली तर लॉग वाचत बसण्याआधी स्क्रीनशॉट काढा. माझी एक टेस्ट लॅपटॉपवर पास, सर्व्हरवर फेल. स्क्रीनशॉट उघडला तर लॉगिनचं बटण कुकीच्या पट्टीखाली अर्धं झाकलेलं. सांगितलं नाही तर हेडलेस फायरफॉक्स 1366 बाय 768 ची खिडकी धरतो, आणि माझा मॉनिटर त्याहून मोठा होता. आता ब्राउझर उघडला की पहिल्याच ओळीत खिडकीचा आकार ठरवून टाकते.