मे महिना, चालू कूलर आणि माइक: नागपुरात घरी जाऊन मुलाखत कशी रेकॉर्ड करायची

नागपुरात मे महिन्यात कोणाच्या घरी मुलाखत रेकॉर्ड करायला गेलं की पहिलं भांडण कूलरशी. बाहेर ४५ डिग्री, खिडकीत लोखंडी कूलर घोंघावून राहिला आणि समोर ऐंशीच्या घरातले काकाजी. सुरुवातीच्या दिवसात महाल भागातल्या एका जुन्या घरी गेलो आणि आल्या आल्या कूलरचं बटण बंद केलं, तर काकाजी म्हणाले, "काऊन बंद केला बे? मारतं का मले?" बरोबरच होतं त्यांचं.

आता मी अर्धा तास आधी जातो. कूलर फुल स्पीडवर राहू देतो, खोली गारेगार होऊ देतो, तोवर माइक-तारा लावून होतात, चहा होतो, काकाजींची ओळख होते (ही पण कामाचीच गोष्ट आहे, घाबरलेला माणूस हळू बोलतो). मग कूलर, त्याचा पाण्याचा पंप आणि सीलिंग फॅन तिन्ही बंद, १०-१२ मिनिटं रेकॉर्डिंग, परत पाच मिनिटं कूलर. असं चार-पाच वेळा. कोणी वैतागत नाही, उलट मधल्या सुट्टीत काकाजींना जुनं काहीतरी आठवतं आणि पुढचा भाग जास्त चांगला होतो. फ्रिज पण बंद करावा लागतो, आणि बंद केला की आपल्या गाडीची चाबी फ्रिजमध्ये ठेवून द्या. चाबीशिवाय घरी जाता येत नाही, म्हणून फ्रिज चालू करायचं विसरत नाही. एकदा विसरलो होतो, त्या घरच्या काकू अजून दुधाचा विषय काढतात.

कूलर बंद करणं शक्यच नसेल तर? तर माइक जवळ न्या, अजून जवळ न्या. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) पडतो, पण कूलरचा घोंघाट खोलीभर तेवढाच राहतो, म्हणजे आपण गेन (रेकॉर्डर माइकचा आवाज किती वाढवून घेतो ते) वाढवला की कूलरच वाढतो. एक वीत अंतरावरचा साधा माइक दोन हातांवरच्या महागड्या माइकला कधीही मात देतो, हे मी पैसे घालवून शिकलो. आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढून टाकू असं म्हणणाऱ्यांनी एकदा काढून ऐकावं, माणूस अंबाझरी तलावाच्या पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

माइक कुठला? गोंगाटाच्या घरात मी डायनॅमिक (दणकट, कमी नाजूक जातीचा माइक) घेतो, शुअरचा एसएम५८, १९६६ साली आलेला मॉडेल, गावोगावच्या स्टेजवर दिसतो तोच. कार्डिऑइड आहे, म्हणजे मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून त्याची पाठ कूलरकडे करायची. फक्त त्याला गेन खूप लागतो आणि स्वस्त रेकॉर्डरवर तेवढा गेन दिला की मागे सूं असा हिस येतो. शांत खोली असेल तर कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा माइक), त्याला ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे रेकॉर्डरकडून तारेतून जाणारी वीज लागते आणि ती सेल भराभर खाते, म्हणून जास्तीचे सेल खिशात. कंडेन्सर कूलरच्या ओल्या हवेसमोर ठेवू नका, ओल बसली की फटफट, कुरकुर आवाज येतो. माझे माइक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात, बुटांच्या खोक्यात येतात त्याच पुड्या, फेकू नका. लांब शॉटगन माइक (दांड्यासारखा, समोरचंच ऐकणारा) टाइल्सच्या छोट्या हॉलमध्ये काही उपयोगाचा नाही, चारी भिंतींचा आवाज परत येऊन तो पोकळ वाटतो. त्यापेक्षा हॉल सोडून बेडरूममध्ये बसा. गादी, कपाट, पडदे, दोरीवरच्या गोधड्या, सगळं फुकटातलं साउंडप्रूफिंग.

कॉलर माइक लावताना कपडे बघा. कांजी केलेला खादीचा कुर्ता म्हणजे नुसती खसखस, नवीन सिल्कचा पदर पण तसाच. हनुवटीखाली साधारण एक वीत, आणि तार थोडी ढिली ठेवून औषधाच्या दुकानातला मायक्रोपोर टेप लावायचा. आजी असतील तर मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटतात, ते आधीच बाजूला घ्यायला सांगा, माइक शक्यतो घरच्याच कोणा बाईने लावावा. बांगड्यांचं मात्र मी काही सांगत नाही. आजी हात हलवून बोलतात, बांगड्या वाजतात, वाजू दे, ते घरच आहे त्यांचं.

लेव्हल, म्हणजे रेकॉर्डरच्या सेटिंग. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, व्हिडिओसाठी हेच लागतं. मीटरवर बोलणं साधारण उणे २० डीबीच्या आसपास आणि जोराचं हसणं उणे १० च्या पुढे जाऊ नये असा गेन ठेवा, ऑटो गेन (आपोआप गेन कमी-जास्त करणारं सेटिंग) बंद, कारण काकाजी थांबले की तो ऑटो गेन लगेच कूलर वर खेचतो. लो कट (खालची घरघर कापणारं सेटिंग) ८० हर्ट्झला. एक तासाचा मोनो ट्रॅक जवळपास ५१८ एमबी होतो, कार्डाची भीती नाही. गूं असा हम आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, मग ट्यूबलाइटची चोक आणि इन्व्हर्टर. आपली लाइट ५० हर्ट्झची आहे म्हणून हम ५० आणि १०० वर बसतो, माणसाच्या जाड आवाजात जाऊन, नंतर काढणं त्रासाचं.

आणि हेडफोन. कानाला हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्ड करायचं नाही, बस. माझ्या जुन्या रेकॉर्डरमध्ये लाल बटण एकदा दाबलं की दिवा नुसता लुकलुकतो, दुसऱ्यांदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. सोनेगावच्या एका घरी मी चाळीस मिनिटं लुकलुकत्या दिव्यासमोर मान हलवत बसलो होतो. म्हणून आता स्क्रीनवरचे सेकंद पळताना बघितल्याशिवाय पहिला प्रश्न विचारत नाही. सोनेगावला वरून विमान पण जातं, तेव्हा हाताने थांबा सांगायचं आणि ते वाक्य परत बोलायला लावायचं. कचरागाडीच्या भोंग्याचंही तेच.

घराबाहेर सगळंच उलटं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीकडे मारबत (नागपुरातली मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक) रेकॉर्ड करायला गेलात तर तिथे आवाज कमी कसा करायचा हा प्रश्न असतो. ढोल, डीजे, घोषणा. तिथे ३२ बिट फ्लोटचा (खूप मोठा आवाजही फाइलमध्ये सामावून घेणारा) रेकॉर्डर असेल तर फाइल फाटत नाही, म्हणजे आवाज चिरकत नाही, पण माइकच फाटला तर फ्लोट काही करू शकत नाही, म्हणून परत डायनॅमिकच. साधा रेकॉर्डर असेल तर त्याच आवाजाचा दुसरा ट्रॅक १२ डीबी खाली ठेवा, पहिला फाटला तर तो कामी येतो. माइकवर केसाळ टोपी घाला, रेकॉर्डर छातीशी बांधा आणि गर्दीत मान खाली घालून मीटर बघत बसू नका, धक्का बसतो.

मुलाखत संपली की कोणी उठायच्या आधी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवून नुसती खोली रेकॉर्ड करा, एडिटमध्ये कट झाकायला ती लागते. कॅमेरा वेगळा असेल तर सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी पण एक टाळी, कारण तासाभरात दोन मशिनी थोड्या पुढेमागे होतात. कार्ड उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका. रात्री दोन ठिकाणी कॉपी, दोन्ही फाइल मधूनमधून ऐकून बघायच्या, मगच कार्ड फॉरमॅट, ते पण रेकॉर्डरमध्येच, लॅपटॉपवर नाही.