आई-बाबांना डेटिंग अ‍ॅप शिकवताना

फोन तुम्ही हातात घेतलात की शिकवणं संपलं. चार बटणं भराभर दाबून "झालं बघा" म्हणाल, आणि उद्या त्यांना लॉगिनही जमणार नाही. बोट त्यांचंच चालू द्या, तुम्ही शेजारी बसून फक्त सांगा.

आधी अक्षर मोठं करा आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ दोन मिनिटांवर न्या. बोट थरथरत असेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये दाबून धरण्याचा कालावधी वाढवता येतो, म्हणजे नको तो मेनू उघडत नाही. या कामासाठी ईमेल वेगळा काढा. लोकेशनची परवानगी फक्त अ‍ॅप वापरतानाच द्या. पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवायला माझी हरकत नाही. "कुठेही लिहू नका" असं सांगितलं की माणूस एकच सोपा पासवर्ड सगळीकडे वापरतो, आणि ते जास्त धोक्याचं.

प्रोफाइलवर अलीकडचा फोटो लावा. मागे घराचा दरवाजा किंवा गाडीचा नंबर दिसता कामा नये. "एकटी राहते, मुलं लांब, स्वतःचं घर" ही ओळ खरी असली तरी लिहू नका, फसवणारे नेमकं तेच शोधत असतात. पैसे भरून सभासद झाले असतील तर एवढं सांगाच: अ‍ॅप काढून टाकलं तरी वर्गणी कापली जाते. ती फोनच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करावी लागते.

खरी अडचण गप्पा जमल्यावर सुरू होते. तिथे "सावध राहा" म्हणून काहीही हाती लागत नाही. नेमकं काय घडतं ते आधीच सांगा. समोरचा एक-दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा टेलिग्रामवर यायला सांगतो, कारण अ‍ॅपवर तक्रार झाली तर खातं बंद पडतं. सकाळ-संध्याकाळ विचारपूस करतो आणि लवकरच लग्नाचं बोलू लागतो. तो जहाजावर, सैन्यात किंवा तेलविहिरीवर असतो, म्हणून भेट सारखी पुढे जाते. मग कस्टममध्ये अडकलेली भेटवस्तू निघते, नाहीतर दवाखान्याचं बिल. हल्ली गुंतवणुकीचं अ‍ॅपही निघतं. त्यात आधी छोटा नफा खरोखर काढू देतात, आणि विश्वास बसला की मोठी रक्कम भरायला लावतात.

अशा वेळी "तो फसवतोय तुला" असं म्हणू नका. एवढ्या एका वाक्याने आई त्याची बाजू घेईल आणि पुढचं सगळं तुमच्यापासून लपवेल. "आपण एवढं एक बघू या" म्हणा आणि दोघं मिळून तपासा. फोटोचा स्क्रीनशॉट काढा, चेहऱ्यापुरता कापा आणि गूगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेणाऱ्या गूगलच्या सोयीत) टाका. तोच चेहरा दुसऱ्या नावाने सापडला तर निकाल लागला. सापडला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, फोटो संगणकाने बनवलेलाही असू शकतो. नंतर व्हिडिओ कॉल करून त्याला मान पूर्ण बाजूला वळवायला आणि चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगा. आधी चित्रित केलेला व्हिडिओ इथे उघडा पडतो, बनावट चेहराही बऱ्याचदा फाटल्यासारखा दिसतो. पण या चाचणीत पास झाला म्हणून पैसे द्यायचे नाहीत.

पैशांचा नियम पहिल्याच दिवशी ठरवा: प्रत्यक्ष न भेटलेल्या माणसाला एक रुपयाही नाही, कारण कोणतंही असो. ओटीपी नाही, स्क्रीन शेअर नाही, कपड्यांविना व्हिडिओ कॉल नाही. कपड्यांचं बोलायला संकोच वाटतो, तरी बोला. तो कॉल रेकॉर्ड करून धमकावतात, आणि लाजेपोटी माणूस पैसे देत राहतो. "चूक झाली तरी मी रागावणार नाही" हेही त्याच दिवशी सांगा, आणि खरंच रागावू नका.

पहिली भेट दिवसा, गर्दीच्या ठिकाणी. जाणं-येणं स्वतःच्या सोयीने, आणि ठिकाण घरच्या एकाला माहीत.

पैसे गेलेच, तर आधी बँकेला फोन करा, मग पोलिसांत तक्रार द्या. ब्लॉक करण्यापूर्वी सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या. अनेक अ‍ॅपवर अनमॅच केलं, म्हणजे त्या माणसाशी जुळलेली जोडी तोडली, की गप्पा गायब होतात, आणि पुरावाही जातो. पुढे काही दिवसांनी "तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" असा फोन येऊ शकतो. तोही फसवणाराच असतो.