थांबा, लिहून घेते: एडीएचडी असलेल्या दलित बाईने नोकरी आणि घर कसं पेलावं

एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा, विसरभोळेपणाचा मेंदूशी निगडित आजार; त्याहून जास्त इथे पहिल्यापासून सांगत बसत नाही. ज्यांचं निदान झालंय, किंवा व्हायचंय पण मनातून खात्री पटत चाललीय, त्यांच्यासाठी हे आहे. मला निदान ३४ व्या वर्षी झालं. त्यानंतर 'ध्यान करा', 'यादी करा', 'मोबाइल बाजूला ठेवा' हे सल्ले ऐकून कान किटले. असे सल्ले देणाऱ्यांना आपली खरी अडचण ठाऊकच नसते. माझी चूक कधी माझ्या एकटीच्या नावावर लिहिली गेली नाही. ती आडनावावर लिहिली गेली.

आधी डॉक्टर. समुपदेशक चांगला असला तरी निदानासाठी आणि औषधासाठी मनोविकारतज्ज्ञाकडेच जा. जाताना शाळेची प्रगतिपुस्तकं न्या. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती का, हे डॉक्टर विचारतातच (२०१३ पूर्वी ही मर्यादा सातव्या वर्षाची होती). 'हुशार आहे, पण लक्ष नसते' हा बाईंचा शेरा तिथे कामी येतो. आईला सोबत नेता आलं तर उत्तम. तिला आजाराचं नाव माहीत नसेल, पण डबा, छत्री आणि कंपास किती वेळा हरवला ते ती अचूक सांगेल. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडे बायकांच्या अंगात रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे, की त्या थकव्याची आणि या आजाराची गल्लत होते. इंटरनेटवरच्या प्रश्नावलीत जास्त गुण आले म्हणजे निदान झालं, असं समजू नका. डॉक्टरकडे कसं जावं हेच सुचत नसेल, तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ हा नंबर लावा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

औषध. मेथिलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध लिहून दिलं असेल, तर चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदार ठेवून घेतो. प्रत्येक मेडिकलमध्ये ते मिळत नाही. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी दुकानात विचारून ठेवा. फोनवरच्या किंवा व्हिडिओवरच्या सल्ल्यावर डॉक्टरला हे औषध लिहून देता येत नाही, तेव्हा तपासणीची तारीख चुकवू नका. भूक मरते, म्हणून आधी पोटभर खा, मग गोळी. ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध दिलं असेल तर गुण यायला काही आठवडे जातात. चार दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका.

आता ज्या पायरीवर मी सहा वर्षं अडकले होते ती.

समोरच्याच्या देखत लिहून घेणं. आपल्या डोक्यात एका वेळी फार गोष्टी टिकत नाहीत. साहेब चार कामं सांगायचे, आणि माझ्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर दोन उरायची. शेजारच्या टेबलावरचे कुलकर्णी-जोशी विसरले की त्यांना कामाचा ताण असायचा. मी विसरले की 'सवलतीवाल्यांचं असंच'. हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात दाराआडून ऐकलं आणि त्याच दिवशी ठरवलं, की मला लिहून घेताना कुणी बघता कामा नये. सगळं तोंडपाठ ठेवायचं. मग काम ऐकलं की मी बाथरूममध्ये जाऊन मोबाइलमध्ये टिपून घ्यायचे. तिथे जाईपर्यंत एखादं निसटलेलं असायचंच. संध्याकाळी सगळे गेल्यावर दीड तास बसून प्रत्येक कागद पुन्हा तपासायचे. घरी पोचल्यावर लेकीशी धड बोलायचंही त्राण नसायचं. माझा सगळा जीव आजार लपवण्यात खर्च होत होता.

यात आणखी एक गाठ होती. 'बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे' हे ऐकत आपण मोठ्या होतो. एप्रिलमध्ये सलग अठरा तास वाचनाचे उपक्रम होतात. मीही कॉलेजात असताना बसले होते आणि तिसऱ्या तासाला बाहेर पडले. आपण बाबासाहेबांशी बेइमानी केली, ही बोच पुढे कित्येक वर्षं राहिली. ताईंनो, ती काढून टाका. त्यांनी आपल्यासाठी शाळेची दारं उघडली. आत गेल्यावर कोणत्या बाकावर किती वेळ बसायचं, याची अट घातली नाही.

निदानानंतर अमेरिकेतल्या काळ्या बायका एडीएचडीबद्दल काय सांगतात ते वाचत गेले, आणि कुणी माझीच हकीकत लिहिल्यासारखं वाटलं. त्यांच्या घरात मुलांना सांगतात, दुप्पट राब, तेव्हा कुठे अर्धं पदरात पडेल. बाईने खंबीरच असायचं, मदत मागायची नाही. त्या खंबीरपणाखाली लक्षणं दडतात, आणि दिसली तरी लोक त्यांना आळस किंवा उद्धटपणा म्हणतात. त्यांचं आपलं नातं जुनं आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिथले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ मध्ये मुंबईतल्या पोरांनी तिथल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या लढाऊ संघटनेवरूनच दलित पँथर हे नाव घेतलं. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सच्या वैद्यकीय नोंदी २०१६ मध्ये हॅकरांनी चोरून जगापुढे मांडल्या, तेव्हा तिने सरळ सांगितलं, की मला एडीएचडी आहे, लहानपणापासून औषध घेते आणि यात लाजण्यासारखं काही नाही. मी त्यानंतर वही आणली.

कसं करायचं ते नीट सांगते. हातात मावेल अशी शिवलेली वही घ्या आणि पेन दोऱ्याने तिला बांधून टाका. मोबाइल नको. समोरच्याला वाटतं तुम्ही मेसेज बघताय, आणि तुमचंही लक्ष मोबाइलमधलं दुसरं काहीतरी ओढून नेतं. काम सांगायला सुरुवात झाली की म्हणा, "थांबा, लिहून घेते." एवढंच. सॉरी म्हणू नका, कारण देऊ नका. लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखवा: "म्हणजे तीन कामं. पहिलं आज, बाकी दोन गुरुवारपर्यंत. बरोबर?" ही ओळ मुळीच गाळू नका. मी 'विसरले' म्हणून ज्या चुका माझ्या माथी मारल्या होत्या, त्यांत कितीतरी वेळा सांगणाऱ्यानेच अर्धवट सांगितलेलं असायचं. वाचून दाखवलं की तो स्वतःच दुरुस्त करतो. मग जागेवर येऊन तेच तीन मुद्दे त्याला मेलवर पाठवा. पुढे कुणी "तुला सांगितलं होतं" म्हणालं, तर कागद आपल्याकडे असतो. आपल्या बायांना तो लागतो.

सुरुवात मात्र सर्वांत मोठ्या साहेबापासून करू नका. मी तशी केली. हात इतका थरथरला की अक्षर लागेना, आणि पुढे महिनाभर वही पर्समध्येच राहिली. आधी मैत्रिणीसमोर, मग बरोबरीच्या माणसासमोर, मग वर. दोन-तीन आठवडे चेहरा तापेल, तरी लिहीत राहा.

आणि ऑफिसमध्ये आजाराचं नाव सांगायलाच हवं, असं कुणी म्हणालं तर लगेच ऐकू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी वेगळा धरलेला नाही, त्यामुळे सांगितलं की संरक्षण मिळालं, असं होत नाही. खात्रीच्या एखाद्या माणसाला सांगा. वहीसाठी मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

घर. काट्यांचं मोठं घड्याळ स्वयंपाकघरात लावा. सकाळी दोन गजर: एक आवरायला, दुसरा चपला घालायला. किल्ली, पास आणि गोळ्या दाराजवळच्या एकाच खिळ्यावर. घरातल्यांनाही एकेक काम कायमचं नेमून द्या, 'मदत कर' म्हणू नका.

पाळी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात बऱ्याच जणींचं लक्ष जास्त उडतं. तारखा तीन महिने टिपा आणि डॉक्टरला दाखवा. त्या आठवड्यात नवी जबाबदारी अंगावर घेऊ नका.

सोबत. एकटीने न होणारं काम शेजारी कुणी बसलं की होतं. त्यासाठी अभ्यासिकेसारखी जागा नाही, आणि ती आपल्या बऱ्याच वस्त्यांत असते. मी दर रविवारी दहा ते बारा तिथे वीजबिल, शाळेचे फॉर्म आणि बँकेचे कागद घेऊन बसते. आजूबाजूला स्पर्धा परीक्षेची पोरं मान खाली घालून वाचत असतात. घरी तीन आठवडे पडून असलेला फॉर्म तिथे वीस मिनिटांत भरून होतो. पहिल्यांदा जाताना लेकीला सोबत नेलं होतं. आता तीच तिची चित्रकलेची वही घेऊन आधी तयार असते.