जिवाणूंची गणपूर्ती प्रयोगशाळेत कशी तपासावी

मुंबईतील गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव संमत होत नाही. जिवाणूंचेही बरेचसे तसेच असते. प्रत्येक पेशी एक लहानसा संदेश-रेणू बाहेर सोडत राहते. वस्ती विरळ असेपर्यंत तो आसपास विरून जातो, मात्र दाटी वाढून त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की सगळ्या पेशी एकाच वेळी प्रकाश, रंग, विष किंवा चिकट थर तयार करू लागतात. या व्यवहाराला १९९४ मध्ये ‘क्वोरम सेन्सिंग’ हे नाव मिळाले.

हा व्यवहार डोळ्यांनी पाहण्यासाठी क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा जिवाणू उत्तम, कारण गणपूर्ती होताच तो जांभळा होतो. तो घरी कदापि वाढवू नये. जखमेतून शरीरात शिरल्यास त्याचा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो, म्हणून महाविद्यालयाची सुसज्ज प्रयोगशाळा, हातमोजे आणि शिक्षकांची देखरेख आवश्यक आहे.

लसणाचा अर्क पेशींमधला हा संवाद तोडतो का, हे आता तपासायचे आहे. त्यासाठी दादरच्या मंडईतला ताजा लसूण सोलून निर्जंतुक पाण्यात ठेचावा, आणि अर्क आधी साध्या गाळण कागदातून व नंतर ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावा. तो ऑटोक्लेव्ह (दाबाखालील गरम वाफेने निर्जंतुक) करू नये, कारण लसणातील ॲलिसिन हा जंतुरोधक घटक उष्णतेने नष्ट होतो. रात्रभर वाढवलेले जिवाणूंचे कल्चर लुरिया अगार या पोषक जेलीच्या प्लेटवर एकसारखे पसरून ६ मिलिमीटरची छिद्रे पाडावीत. एकात मूळ अर्क, इतरांत त्याची निम्मी, पाव आणि अष्टमांश तीव्रता, आणि एकात केवळ निर्जंतुक पाणी भरावे. प्लेट ३० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवावी. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत अगारवर ओल राहते आणि वाढ ओघळते, तेव्हा प्लेट आधी नीट सुकवून घ्यावी. जांभळ्या रंगद्रव्याला ऑक्सिजन लागत असल्याने झाकण हवाबंद करू नये.

खरी कसोटी निकाल वाचण्यात आहे आणि विद्यार्थी बहुधा येथेच चुकतात. छिद्राभोवती काचेसारखे पारदर्शक वलय दिसले, तर अर्काने जिवाणूंची वाढच रोखली आहे. त्यावरून संवादाविषयी काहीही सिद्ध होत नाही. वलय रंगहीन पण दुधासारखे गढूळ असेल, तर जिवाणू वाढले असूनही त्यांनी रंग केलेला नाही, आणि आपल्याला हवा तो संकेत हाच. तीव्र लसूण जिवाणूंना मारतोही, म्हणूनच सौम्य पातळ्यांवरील वलये अधिक मोलाची मानावीत. तरीही रंगनिर्मितीत अन्य कारणाने अडथळा आला असण्याची शक्यता उरते. ती तपासण्यासाठी स्वतःचा संदेश-रेणू बनवू न शकणारा याच जिवाणूचा सीव्ही०२६ हा उत्परिवर्ती वाण घ्यावा, त्याला बाहेरून हेक्झॅनॉइल होमोसेरीन लॅक्टोन हा संदेश-रेणू देऊन जांभळा करावे आणि त्यावर अर्काचा परिणाम पाहावा.

रुग्णाला लावलेल्या मूत्रनलिकेवर (कॅथेटरवर) चिकट थर जमवणारा स्यूडोमोनास हा जिवाणू किंवा सांडपाणी शुद्ध करणाऱ्या पटलांवर बसणारा थर यांवर, जिवाणू न मारता केवळ त्यांचा संवाद तोडण्याचे उपाय संशोधक याच तत्त्वावर शोधत आहेत. माझ्या मते प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या काळात या दिशेकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

काम संपल्यावर सर्व प्लेट १२१ अंशांवर किमान १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह करूनच टाकाव्यात.