घोड्यांच्या क्लबात नाव घालताय? आधी खूर उचलायला शिका

अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड, कुठल्याही किनाऱ्यावर पैसे दिले की घोड्यावरून फेरी मिळते. मुलांनी क्लबात जायचे ते घोडा सांभाळायला शिकण्यासाठी. म्हणून क्लब बघायला गेलात की घोडे किती हे विचारू नका, सकाळी खरारा (घोड्याचे अंग ब्रशने घासणे) कोण करते ते विचारा. सगळे मोतद्दारच (घोडे सांभाळणारा नोकर) करतो आणि मुले तयार खोगिरावर बसतात, असे असेल तर दुसरा क्लब शोधा.

तबेला जमल्यास भर पावसाळ्यात बघा. लिदीच्या चिखलात उभ्या असलेल्या घोड्याचे खूर सडतात. मे महिन्यात गेलात तर पाण्याचे विचारा. एका घोड्याला दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी लागते आणि आपल्याकडे तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात.

फॉर्म, पालकांची सही, धनुर्वाताचे इंजेक्शन, स्वतःच्या मापाचे हेल्मेट, रिकिबीतून (खोगिराच्या पाय ठेवायच्या कडीतून) पाय आरपार जाणार नाही असे टाचेचे बूट. झाले.

आता खूर, म्हणजे तो साफ करायला उचलणे. मला याच पायरीने सगळ्यात जास्त झुंजवले आणि वाईट सल्लेही इथेच जास्त मिळतात. ‘ओढा जोरात, देईल पाय’ हा त्यातला सर्वात वाईट. लहानसे तट्टूही दोनशे किलोंच्या आसपास असते. ओढाओढीत तेच जिंकते, आणि पुढच्या वेळी तुम्ही वाकलात की आधीच पाय रोवून उभे राहते.

पुढच्या पायापासून सुरुवात करा. घोड्याच्या खांद्यालगत, तोंड शेपटीकडे करून उभे राहा. हात खांद्यावर ठेवा आणि न उचलता पायावरून खाली न्या. गुडघ्याखाली मागच्या बाजूला जाड शीर लागेल, ती हलकेच दाबा आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यावर रेला. त्याचा भार दुसऱ्या पायावर गेला की खूर आपसूक हलका होतो. त्या क्षणाची वाट बघा, घाई करू नका. उचललेला पाय बाहेरच्या बाजूला खेचू नका, त्याला दुखते. आणि काम वाकूनच करा. जमिनीवर बसलात तर वेळेवर बाजूला होता येणार नाही.

खुरातली घाण काढायचा हुक टाचेकडून पुढे चालवा. मधला त्रिकोणी मऊ भाग जिवंत असतो, त्याला टोचू नका. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मात्र नीट साफ करा, कारण पावसाळ्यात सड तिथेच धरते. घाण वासाचा काळा चिकट द्राव दिसला तर शिक्षकांना लगेच दाखवा.

मागच्या पायांकडे जाताना ‘चार हात लांब राहा’ हे ऐकू नका. लाथ पूर्ण जोराने बसते ती तिथेच. घोड्याला थेट पाठीमागचे दिसत नाही. तेव्हा एकतर पुठ्ठ्यावर (ढुंगणावर) हात ठेवून, बोलत बोलत, अगदी चिकटून जा, नाहीतर लाथेच्या टप्प्याबाहेरून मोठा वळसा घ्या. घोडा धरायची दोरी हाताला गुंडाळायची नाही, एकदाही नाही.

बसणे त्यामानाने सोपे आहे. चढण्याआधी तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) पुन्हा तपासा, डावीकडून चढा, टाचा खाली, नजर समोर. दुडकी चाल (चालण्यापेक्षा वेगाची, उसळती चाल) सवयीने जमते.

समुद्रावर न्याल तेव्हा ओल्या, घट्ट वाळूवरूनच चालवा. भुसभुशीत वाळूत पायाच्या शिरा ताणल्या जातात. परत आलात की पाय गोड्या पाण्याने धुवा, कोरडे करा आणि चारही खुरांतली वाळू काढूनच घरी जा.