जुना कॅम्पर ट्रेलर कसा शोधायचा आणि कसा नीट करायचा

जुना कॅम्पर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, बघायला गेलं की नजर आधी पडदे, सीट, बाहेरचा रंग यांवर जाते आणि तिथेच फसगत होते, कारण या ट्रेलरना संपवतं ते पाणी. वर्षानुवर्षं एखाद्या सांध्यातून थेंब थेंब आत मुरतं आणि वरून सगळं छान दिसत राहतं. म्हणून शोधायला निघाल्यापासून शेवटचा स्क्रू बसेपर्यंत एकच प्रश्न धरून ठेवा, पाणी कुठून आलं आणि आता कुठून येऊ शकेल?

कुठला घ्यायचा

जाहिराती, लिलाव, जुन्या ट्रेलरवाल्यांचे क्लब, सगळीकडे लक्ष ठेवा. मालकाला पहिल्यांदा एवढंच विचारा की इतकी वर्षं छपराखाली होता का उघड्यावर, उत्तरावरूनच बरंच कळतं.

ढोबळ तीन प्रकार सापडतात. १९५०-६० च्या काळातले गोलसर, लाकडी सांगाडा आणि वर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा असलेले, मागे छोटे पंख लावलेले शास्ता कंपनीचे ट्रेलर यातलेच. दुसरा एअरस्ट्रीम, वॉली बायम यांनी १९३१ मध्ये सुरू केलेली कंपनी, १९३६ चा क्लिपर त्यांचाच, रिव्हेट मारलेली चकचकीत बॉडी. तिसरा फायबरग्लासचा, जसा कॅनडात विनिपेगला १९६८ पासून बनलेला बोलर, साच्यातून काढलेले वरचा आणि खालचा असे दोन भाग एकमेकांना जोडलेले, म्हणजे सांधे कमी आणि गळतीच्या जागाही कमी. पहिल्यांदाच करत असाल तर मी फायबरग्लासच सांगेन. लाकडी सांगाड्याचा मात्र साध्या सुतारकामाच्या हत्यारांनी पुन्हा उभा करता येतो, वेळ जातो इतकंच.

घेण्याआधी तपासणी

टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. कपाटं उघडा, पलंगाखाली आडवे व्हा, खिडक्यांचे खालचे कोपरे, छताच्या झडपेभोवतीची जागा, चाकांवरच्या पेट्या, मागची भिंत जिथे जमिनीला मिळते ती रेघ, इथे तपकिरी डाग किंवा फुगलेला प्लाय दिसतोच. मालकाला विचारून तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवा, जोर न लावता आत गेलं तर ते लाकूड संपलंय आणि डाग दिसतो त्याच्यापेक्षा कूज नेहमी लांबवर पसरलेली असते. कुबट वास आला तर एअर फ्रेशनरवर विश्वास ठेवू नका.

एअरस्ट्रीम असेल तर मागच्या बंपरवर उभं राहून हलकं दाबा. बंपर खाली गेला आणि बॉडी जागेवरच राहिली तर बॉडी चासीपासून, म्हणजे खालच्या चौकटीपासून, सुटलीय, काम मोठं आहे. गॅसवरच्या फ्रिजच्या मागे पिवळी पावडर दिसली तर त्याचं कूलिंग युनिट लीक आहे, तो फ्रिज चालू करायचा नाही. आणि कागदावरचा नंबर ट्रेलरवरच्या नंबराशी जुळत नसेल तर सरळ परत फिरा, कितीही आवडला तरी.

घरी आणल्यावर

काही उचकटायच्या आधी प्रत्येक कोपऱ्याचे फोटो, मापं, आणि काढलेल्या प्रत्येक पट्टीवर चिकटपट्टी लावून नाव. जुना रंग घासण्याआधी तपासून घ्या, त्यात शिसं असू शकतं आणि फरशीच्या टाइलमध्ये ॲस्बेस्टॉस.

मग खालून वर. चासीचा गंज, वेल्डिंग, ब्रेक, बेअरिंग काढून नवीन ग्रीस. टायर वरून चांगला दिसतो म्हणून ठेवू नका, बाजूला डॉट (DOT) कोड छापलेला असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते, ते बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. रबराचा टॉर्शन ॲक्सल, म्हणजे स्प्रिंगऐवजी आतल्या रबरावर धक्के झेलणारा, असेल तर आतलं रबर वयाने कडक होतं, तो अख्खा बदलावा लागतो.

लाकडी सांगाडा एकदम सगळा सोडू नका, आकारच हरवतो. एका वेळी एक भिंत घ्या, कुजलेला तुकडासुद्धा फेकू नका, त्याच्यावर ठेवूनच नवा आखायचा. आतला प्लाय, सांगाडा, वायरिंग, इन्सुलेशन आणि शेवटी बाहेरचा पत्रा असा क्रम, कारण पत्रा चढला की आत हात जात नाही. पत्रे खालून वर चढवा, वरचा खालच्यावर यायला हवा, कौलांसारखा. प्रत्येक खिडकी, दिवा, कोपऱ्याची पट्टी यांच्याखाली ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ, चिकट रबरी पट्टी) आणि स्टेनलेस स्क्रू. सिलिकॉन फासू नका, पुढच्या वेळी त्याच्यावर दुसरं काहीच धरत नाही आणि खरवडताना जीव जातो.

आता होज पाइप घ्या. एकजण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर, पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं, म्हणजे नेमका कुठला सांधा गळतोय ते कळतं. पूर्ण कोरडं निघाल्याशिवाय गाद्या, पडदे, रंग काही नाही.

गॅसचं काम जाणकारालाच द्या, रेग्युलेटर आणि होज नवीनच हवेत, लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या. गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पण बसवा, जुन्यात ते नसतातच.

आतलं फर्निचर करताना वजनावर लक्ष ठेवा, जाड प्लाय वापरायचा मोह होतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के ओढणाऱ्या गाडीच्या हुकवर यायला हवं, कमी झालं तर रस्त्यावर मागचा भाग डुलायला लागतो. पहिली फेरी जवळचीच करा, थोडं गेल्यावर थांबून प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात नेऊन बघा, एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक घासतोय, आणि पहिल्या ८० किलोमीटरच्या आसपास चाकांचे नट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या) पुन्हा आवळा.